हिरव्यात घट

शुक्रवारी दुपारी, जुम्याची गर्दी ओसरल्यावर,
देऱ्याच्या सोनेबाजारामागचा जिना चढून
मी आप्पांच्या भट्टीवर गेले.
पर्समध्ये एक बाटली, खोकल्याच्या औषधाएवढी,
लाल.

एकतीस वर्षं आप्पा इथे दुसऱ्यांचं सोनं गाळतात.
लेंगऱ्याहून निघाले तेव्हा मी पाळण्यात होते.
कारखान्यांतला केर, कारागिरांच्या फाटक्या बनियनी,
पायपुसणी, हात धुतलेलं पाणी,
जाळायचं, आटवायचं, तेजाबात घालायचं
आणि शेवटी मुशीच्या तळाशी एक पिवळा थेंब.
मालक म्हणतो, ह्याच्या नाकाला सोन्याचा वास येतो.
आप्पा म्हणतात, वास न्हाई, खोकला येतो.

"काय हाय ह्यात?"
"सोनं."
"हे? हे तर डाळिंबाचं सरबत."

मग मी सांगत बसले.
शारजाच्या आमच्या प्रयोगशाळेत
उकळत्या पाण्यात सोन्याचा क्षार टाकला,
वर लिंबाच्या आम्लाचं थोडं मीठ.
पाणी राखाडी झालं, मग दौतीतल्या शाईसारखं,
आणि बघता बघता असं.
"म्हंजे रंग घातलास."
नाही आप्पा. फक्त बारीक केलं.
इतकं, की एका केसाच्या रुंदीत
पाच हजार कण शेजारी शेजारी झोपतील.
उजेडाची लाट कणाहून तीसपट लांब,
ती आत मावत नाही;
बाहेरूनच सगळा कण हलवते.
आतले इलेक्ट्रॉन मग एकदम कूस बदलतात,
तुमच्या अल-कुसैसच्या खोलीत
एकानं कूस बदलली की दुमजली खाटा
साऱ्या कुरकुरतात, तसे.
हिरवा उजेड त्या हेलकाव्यात खर्ची पडतो.
पलीकडे पोचतो तो लाल.

आप्पांनी बाटली ट्यूबलाइटपुढे धरली.
"म्हंजे घट आली," ते म्हणाले,
"हिरव्यात घट."
मी तीन वर्षं ह्यावर प्रबंध लिहितेय.

सुबल जेवत होता, मेदिनीपूरचा, भात आणि तळलेला मासा.
आप्पांनी त्याच्या ताटाच्या कडेचं मीठ
चिमटीत उचललं.
"खरं सोनं मिठाला भीत न्हाई."
मला माहीत होतं काय होणार.
मी थांबवलं नाही.

लाल आधी जांभळं पडलं, मग निळं,
जुन्या कार्बन पेपरचं निळं.
सुबलचा घास हातातच राहिला.

प्रत्येक कणाच्या मनात एक अढी असते, मी म्हटलं,
विजेची. तीच त्यांना एकमेकांपासून लांब ठेवते.
मिठानं अढी झाकली जाते,
कण येऊन चिकटतात,
त्यांचा हेलकावा जड होतो, संथ,
आता तो तांबडा उजेड गिळतो.
"भांडण मिटलं म्हणून रंग गेला?"
"गेला."
"परत आणता येतो?"
"असा नाही येत."
ते बराच वेळ निळ्याकडे बघत राहिले.
खाली कुणीतरी हातगाडीवरून पेट्या उतरवत होतं,
प्रत्येक पेटीला बाजाराचा जिना दणकत होता.

फेकून देते, म्हणून मी हात पुढे केला
तर त्यांनी बाटली मागे घेतली.
एकतीस वर्षांत ह्या माणसानं
मोरीतलं पाणीसुद्धा फेकलेलं नाही.
तासाभरात गाळ खाली बसला.
कागदावर गाळला, कागद मुशीत जाळला,
टाकणखाराची चिमूट, बत्तीची निळी जीभ,
आणि चिमट्याच्या टोकाला
खसखशीहून लहान एक मणी.
पिवळा. साधा. कुणाच्याही कानातला असावा असा.

काट्यावर ठेवला. काटा शून्य, शून्य, शून्य.
आप्पांनी काच पुसून पुन्हा ठेवला.
शून्य.

मग वही ओढली, आजची तारीख घातली
आणि इतर गिऱ्हाइकांच्या खाली, त्याच अक्षरात, लिहिलं:
लेकीचं सोनं. वजन लागलं न्हाई.
मजुरी येणे बाकी.